ब्रेकच्या नळ्यांतील हवा आणि पाणी

प्रभादेवी, परळ, लालबाग या भागांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस लहान मालवाहू मोटार कांहीं नवी नाहीं. पहाटे दादरच्या फूलबाजारांत झेंडू-शेवंतीचीं पोतीं उतरविणारी, दुपारीं कापडाचे तागे वाहणारी आणि भाद्रपदांत गणेशमूर्ति सांभाळून नेणारी ती हीच गाडी. तिला कोणी ‘पिक-अप’ म्हणतो, कोणी ‘टेंपो’ म्हणतो. आणि २००५ सालीं टाटांनीं बाजारांत आणलेल्या ‘एस’ गाडीस तर लोक ‘छोटा हत्ती’ या लाडक्या नांवानेंच ओळखतात. पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ अशा एकेका गाडीवर चालतो. ती गाडी रोज पुसली जाते, तिला लिंबूमिरची बांधली जाते, टायरांतील हवा पाहिली जाते, इंजिनाचें ऑइल वेळच्या वेळीं बदललें जातें. परंतु ज्या जेमतेम लिटरभर द्रवावर गाडीचें थांबणें अवलंबून असतें, त्याकडे गाडी थांबेनाशी होईपर्यंत बहुधा कोणी पाहत नाहीं. त्या द्रवाविषयीं, त्यांत शिरणाऱ्या हवेविषयीं व पाण्याविषयीं, आणि तीं दोन्ही बाहेर कशीं काढावयाचीं याविषयीं चार गोष्टी सांगण्याचा आमचा येथें हेतु आहे.

प्रथम ब्रेक लागतो कसा तें पाहूं. चालकाचा पाय पडतो तो गाडीच्या आंतील पेडलावर, आणि अडवावयाचें असतें तें चाक तेथून कित्येक फूट दूर. अगदीं जुन्या मोटारींत पायाचा जोर चाकापर्यंत पोंचविण्याचें काम लोखंडी सळया व तारा करीत. एका बाजूची तार किंचित् सैल झाली, कीं ब्रेक लावतांच गाडी एकीकडे ओढली जाई. अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड या गृहस्थानें सळयांऐवजीं द्रवानें भरलेल्या नळ्या योजून १९१७ सालीं त्या युक्तीचें पेटंट मिळविलें, व १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीस चारहि चाकांवर असे ब्रेक बसविण्यांत आले. युक्ति नवी असली तरी तिच्या बुडाशीं असलेलें तत्त्व जुनेंच होतें. फ्रान्समधील पास्काल (१६२३–१६६२) या विद्वानानें दाखवून दिलें होतें कीं, कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो. आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी हा नियम पाठ करतात. तो रस्त्यावर रोज लक्षावधि वेळां काम करीत असतो, ही गोष्ट मात्र त्यांच्या क्वचितच ध्यानांत येते.

पेडलाच्या पुढें ‘मास्टर सिलिंडर’ नांवाची एक जाड नळी असते. तिच्यांत दट्ट्या असतो आणि तिच्या डोक्यावर ब्रेक ऑइलची लहानशी पांढुरकी डबी असते. पेडल दाबलें म्हणजे दट्ट्या पुढें सरकतो व ऑइल बारीक लोखंडी नळ्यांतून चाकांकडे रेटलें जातें. पुढच्या चाकांत बहुधा चकती म्हणजे ‘डिस्क’ असते. तिला दोन्ही बाजूंनीं चिमटा घेणारा ‘कॅलिपर’ तेथें बसविलेला असतो. मागच्या चाकांत डबा म्हणजे ‘ड्रम’ असतो, व त्याच्या आंतून दोन ‘शू’ बाहेर फांकून त्यावर घासतात. समजा, चालकानें पेडलावर २० किलोचा जोर दिला. पेडल ही एक तरफ आहे. ती तो जोर चौपट करून दट्ट्यावर ८० किलो देते असें धरूं. दट्ट्याचें क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल, तर ऑइलावर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २७ किलोचा दाब पडेल. चाकापाशीं असलेल्या दट्ट्याचें क्षेत्रफळ १२ चौरस सेंटिमीटर असेल, तर तेथें तोच दाब ३२० किलोचा जोर उत्पन्न करील. नव्या गाड्यांत इंजिनाच्या ओढीनें चालणारा ‘बूस्टर’ पायास साहाय्य करतो, तो निराळाच. हा व्यवहार फुकट मात्र होत नाहीं. जोर वाढतो तितकें सरकण्याचें अंतर कमी होतें. म्हणून चाकाकडील दट्ट्या केसभरच हलतो, आणि त्या केसभर हलण्यासाठीं नळींतील ऑइलाचा थेंबन् थेंब कामास लागतो.

आतां या नळींत हवेचा एक बुडबुडा शिरला असें धरा. द्रव दाबानें आकसत नाहीं म्हटलें तरी चालेल. हवा मात्र आकसते. बॉइलचा नियम असा आहे कीं, दाब जितका पट वाढावा तितका पट हवेचा आकार कमी व्हावा. वरील उदाहरणांतील दाबाखालीं ३ घनसेंटिमीटरांचा बुडबुडा एका घनसेंटिमीटराच्या आठव्या-नवव्या हिश्श्याइतका होऊन बसेल. म्हणजे जवळजवळ ३ घनसेंटिमीटर ऑइल चाक दाबण्याऐवजीं त्या बुडबुड्यास दाबण्यांत खर्ची पडलें. दट्ट्याचें क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असल्यामुळें दट्ट्या एक सेंटिमीटर व्यर्थ सरकला, आणि तरफेच्या हिशोबानें पेडल चार सेंटिमीटर व्यर्थ खालीं गेलें. बोराएवढ्या बुडबुड्याची ही करणी! पायाखालीं पेडल कापसाच्या उशीसारखें लागतें, तें याच कारणानें. आमचे मिस्त्री त्यास ‘पेडल स्पंज मारतें’ असें म्हणतात, व त्यावरील उपायास ‘एअर काढणें’ म्हणतात.

येथें चिकित्सक विद्यार्थी विचारील कीं, हवा जर इतकी वाईट, तर आगगाडीचे ब्रेक हवेवर कसे चालतात? प्रश्न रास्त आहे. प्रभादेवी स्थानकावर (२०१८ पर्यंत यास एल्फिन्स्टन रोड म्हणत) लोकल थांबतांना व सुटतांना जो फुसकारा ऐकूं येतो, तो हवेचाच. जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें आगगाडीचा हवाई ब्रेक १८६९ सालीं काढला, व आज मोठ्या ट्रकांसहि त्याच जातीचे ब्रेक असतात. परंतु त्या यंत्रांत हवा दाबून भरणारा पंप सारखा चालूं असतो. थोडी हवा आकसली किंवा निसटली तर पंप ती भरून काढतो. लहान पिक-अपमध्यें असा पंप नाहीं. तेथें पेडल एकदां दाबलें म्हणजे ठराविक मापाचें ऑइल पुढें जातें, तेवढ्यांतच सारें काम भागवावें लागतें. म्हणून एके यंत्रांत जी हवा नोकर आहे, तीच दुसऱ्यांत चोर ठरते.

हवेपेक्षां लबाड असा दुसरा शत्रु पाणी होय. हवा पेडलावर लगेच ओळखूं येते. पाणी ऐन वेळ येईपर्यंत लपून बसतें. ज्यास आपण ब्रेक ऑइल म्हणतों, तें खरें पाहतां तेल नव्हेच. तें ग्लायकोल जातीच्या रसायनांचें मिश्रण असून तेल पाण्यावर तरंगतें तसें तें तरंगत नाहीं. तें पाण्यांत मिसळून जातें, व हवेंतील ओलावाहि शोषून घेतें. डबीच्या झांकणास हवेसाठीं बारीक वाट असते, रबरी नळ्यांतूनहि ओलावा हळूहळू झिरपतो. समुद्राच्या कांठीं असलेल्या आपल्या भागांत, जेथें आषाढ-श्रावणांत मीठ पाझरतें आणि वह्यांचीं पानें सादळतात, तेथें हें काम जलद होतें, हें सांगावयास नको.

आंत आलेलें हें पाणी करतें काय? नव्या ब्रेक ऑइलाचा उत्कलनबिंदु पुष्कळ उंच असतो. ‘डॉट ३’ या प्रतीचें नवें ऑइल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये, व ‘डॉट ४’ निदान २३० अंशांपर्यंत उकळूं नये, असा दंडक आहे. त्याच ऑइलांत शेंकडा ३.७ इतकें पाणी मिसळलें असतां हीच मर्यादा डॉट ३ ची १४० वर व डॉट ४ ची १५५ वर मानलेली आहे. शेंकडा चाराहून कमी पाण्यानें साठ-सत्तर अंशांचा आधार नाहींसा केला! आणि पाणी उकळून वाफ झाली कीं तिचा पसारा किती होतो हें आपण जाणतोंच: एक घनसेंटिमीटर पाण्याची वाफ मोकळ्या हवेंत सोळाशें घनसेंटिमीटरांहून अधिक जागा व्यापते. नळींत वाफ झाली म्हणजे बुडबुडा झाला, व बुडबुडा झाला म्हणजे पेडल खालीं गेलें. याशिवाय पाण्यानें सिलिंडर आंतून गंजतो, त्या गंजानें दट्ट्याचे रबर कातरले जातात व ऑइल गळूं लागतें, हा तोटा वेगळाच.

प्रभादेवीच्या सपाट रस्त्यावर ब्रेक एवढे तापत नाहींत. तापतात ते घाटांत. आमच्या भागांतील अनेक टेंपो पुण्याहून फुलें, भाजी, यंत्रांचे भाग घेऊन बोरघाट उतरतात. १८३० सालीं गाडीरस्ता झाल्यापासून हा घाट मुंबईचें दार होऊन राहिला आहे, आणि त्याच्या उतारानें वाहनांची परीक्षा पाहिली आहे. आपण थोडें गणित करूं. भरलेली गाडी अडीच टन वजनाची आहे, व ती खंडाळ्याकडून खोपोलीकडे ५०० मीटर खालीं आली असें धरा. या उतरण्यांत २,५०० × ९.८ × ५०० म्हणजे सुमारें सव्वा कोटि ज्यूल शक्ति मोकळी होते. ही सारी शक्ति ब्रेकांनींच गिळली तर ती उष्णतेच्या रूपानें प्रगट होणार. आणि एवढी उष्णता ३० अंशांवरील सुमारें ४० लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेशी आहे. दोन मोठे हंडे पाणी चुलीवर उकळण्यास किती लाकडें लागतात, हें आमच्या वाचकांच्या आजीस विचारावें. तितकी आंच त्या चार चाकांच्या पोटांत थोड्या मिनिटांत निर्माण होते.

चतुर चालक ही सारी आंच ब्रेकांवर घेत नाहीं. ज्या गिअरमध्यें घाट चढावा, त्याच गिअरमध्यें तो उतरावा, असा जुन्या चालकांचा नियम आहे. त्यामुळें इंजिनच गाडीस मागें ओढून धरतें, व हवेचा विरोधहि थोडा भार उचलतो. जे लोक डिझेल वांचविण्याच्या लोभानें गाडी न्यूट्रलमध्यें टाकून घाट उतरतात, ते चार रुपयांसाठीं चाळीस लिटरांचा हंडा आपल्या ब्रेकांवर ठेवतात. अशा वेळीं ऑइल जुनें व पाणी प्यालेलें असेल, तर होतें तें असें: दोन-चार वळणें ब्रेक उत्तम लागतात, मग चालक पाय काढतो, दाब उतरतो, आणि दाब उतरतांच तापलेल्या कॅलिपरांत पाणी उकळूं लागतें. पुढच्या वळणावर तो पाय ठेवतो तों पेडल थेट तळाशीं जातें. सकाळीं निघतांना पेडल अगदीं घट्ट होतें, म्हणून चालकास कांहींच शंका नव्हती. पाण्याची लबाडी आम्हीं म्हटली ती हीच.

असा प्रसंग आलाच तर पेडल जलद जलद दाबीत राहावें, गिअर एकेक खालीं आणावा, व हँडब्रेक हळूहळू ओढावा. हँडब्रेक बहुधा तारेनें मागच्या चाकांस जोडलेला असतो. त्याचा ऑइलाशीं संबंध नसतो. आधुनिक गाड्यांत नळ्यांच्या दोन स्वतंत्र वाटा केलेल्या असतात, त्यामुळें एक वाट फुटली तरी दुसरी कांहीं काम देते. परंतु सर्व ऑइल सारखेंच जुनें असेल तर या विभागणीचा उपयोग थोडा.

मग उपाय काय? दोन उपाय आहेत व ते एकमेकांचे भाऊ आहेत. नळींतील बुडबुडे तेवढे बाहेर काढणें हें एअर काढणें. आणि जुनें ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर लोटून त्याच्या जागीं नवें भरणें, हें ऑइल बदलणें. दोहोंची रीत एकच. दुसऱ्यास वेळ व ऑइल अधिक लागतें इतकेंच. कित्येक कारखानदार दर दोन वर्षांनीं ऑइल बदलावें असें सांगतात; आपल्या गाडीच्या पुस्तकांत जी मुदत दिली असेल ती प्रमाण मानावी.

ही रीत आम्ही क्रमानें सांगतों. गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन बंद करावें, व जीं चाकें जमिनीवर राहणार त्यांस दोन्ही बाजूंनीं ठोकळे लावावे. गाडी उचलावयाची असेल तर जॅकवर उचलून लगेच खालीं भक्कम लोखंडी स्टँड द्यावे. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीहि जाऊं नये. ही आज्ञा समजावी. डबीच्या झांकणावर ऑइलाची प्रत लिहिलेली असते, तीच प्रत नव्या सीलबंद बाटलींतून घ्यावी. महिनोन् महिने उघडी राहिलेली बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊं नये, कारण तिनें आपलें पाणी आधींच पिऊन ठेवलेलें असतें. डॉट ५ नांवाची सिलिकोनची एक जात आहे, ती डॉट ३ किंवा ४ मध्यें मिसळूं नये. इंजिनाचें ऑइल तर चुकूनहि ओतूं नये. त्यानें आंतील सर्व रबर फुगून निकामी होतें.

झांकण उघडण्यापूर्वीं त्याभोंवतालची धूळ पुसावी. डबींतील जुनें काळपट ऑइल पिचकारीनें ओढून काढावें व नवें भरावें. म्हणजे तें मळकट ऑइल सबंध नळ्यांतून फिरविण्याचें कारण उरत नाहीं. नंतर प्रत्येक चाकाच्या मागील बाजूस ऑइल सोडण्याचा जो लहानसा पोकळ स्क्रू असतो, ज्यास मिस्त्री ‘निपल’ म्हणतात, त्याकडे वळावें. आपल्या खाऱ्या हवेंत हे निपल गंजून धरलेले असतात. आदल्या रात्रीं त्यावर गंज सोडविणारें तेल टाकून ठेवावें, त्यास बरोबर बसेल असा रिंग पाना घ्यावा, व जोर बेतानें लावावा. निपल तुटला तर तासाचें काम दिवसावर जातें.

आरंभ कोणत्या चाकापासून? पुस्तकांत दुसरें कांहीं सांगितलें नसेल तर मास्टर सिलिंडरापासून सर्वांत दूर असलेल्या चाकापासून. आपल्या देशांत चालक उजव्या बाजूस बसतो व मास्टर सिलिंडरहि त्याच्या पुढेंच असतो. म्हणून बहुधा मागचें डावें, मागचें उजवें, पुढचें डावें व शेवटीं पुढचें उजवें, असा क्रम लागतो. निपलावर पारदर्शक नळी घट्ट बसवावी, व तिचें दुसरें टोंक थोडें ऑइल घातलेल्या बाटलींत बुडवून ठेवावें, म्हणजे हवा बाहेर पडतांना दिसते व परत आंत ओढली जात नाहीं.

आतां दोन माणसें लागतात: एक चाकापाशीं, दुसरें पेडलावर. आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें विशेष लक्ष द्यावें, कारण घरची गाडी असली म्हणजे पेडलावर बसण्याचें काम बहुधा त्यांच्याकडेच येतें. चाकापाशीं बसलेले बाबा किंवा मिस्त्री म्हणतात, “दाब.” मुलगा पेडल सावकाश दाबतो व “दाबलें” असें उत्तर देतो. मग निपल पाव ते अर्धा फेरा सैल होतो. ऑइल नळींतून वाहतें आणि पेडल पायाखालीं आपोआप खालीं जातें. पाय तसाच ठेवावयाचा. निपल पुन्हां आवळल्यावर “सोड” असा शब्द येतो, तेव्हांच पाय उचलावयाचा. निपल उघडा असतांना पाय उचलला, तर दट्ट्या मागें येतांना पिचकारीसारखा हवा आंत ओढून घेतो, व झालेलें काम वायां जातें. कंटाळून, किंवा रस्त्यावरची मौज पाहण्याच्या नादांत, त्या एका शब्दाची वाट न पाहणारा मुलगा आपल्याच वडिलांच्या ब्रेकांत हवा भरीत असतो. हें काम हलकें नाहीं. त्यावर विसंबून उद्यां कोणी घाट उतरणार असतो.

आणखी एक सावधगिरी. गाडी जुनी असेल तर पेडल अगदीं तळापर्यंत जाऊं देऊं नये. त्याखालीं लांकडाचा ठोकळा ठेवावा. रोजच्या वापरांत दट्ट्या जेथवर जात नाहीं तेथें सिलिंडर गंजलेला असतो, आणि त्या खरखरीत जागेवरून रबर घासलें म्हणजे तें कातरलें जातें. मग एअर काढावयास गेलेल्या गाडीस नवा मास्टर सिलिंडर घालण्याची पाळी येते.

पांच-सहा वेळां असें केलें कीं डबीकडे पाहावें व ऑइल भरावें. डबी रिकामी झाली तर वरूनच हवा आंत जाते, व सारें काम पहिल्यापासून करावें लागतें. नळींतून प्रथम चहाच्या रंगाचें ऑइल येतें, मध्यें मध्यें बुडबुडे येतात. शेवटीं नव्यासारखें फिकट व अखंड ऑइल येऊं लागलें म्हणजे तें चाक पुरें झालें असें समजावें. रंग ही मळाची खूण आहे, पाण्याची नव्हे. पाणी मिसळलेलें ऑइल दिसण्यांत स्वच्छहि असूं शकतें. म्हणून रंगावर न जातां मुदतीवर जावें, किंवा कारखान्यांत मापक यंत्रानें पाहून घ्यावें.

पिक-अपच्या बाबतींत दोन गोष्टी इतर मोटारींहून निराळ्या आहेत. माल भरला म्हणजे मागच्या चाकांवर भार पडतो व तेथें अधिक ब्रेक चालतो. गाडी रिकामी असतां तितकाच ब्रेक दिला तर मागचीं चाकें जागच्याजागीं अडकून गाडी घसरते. यासाठीं अनेक पिक-अपना मागच्या आंसाजवळ एक झडप असते. ती पाठ्यांची दबलेली उंची पाहून मागचा दाब कमीअधिक करते. मागचीं चाकें हवेंत लोंबत ठेवून एअर काढूं गेल्यास झडपेस गाडी रिकामी आहे असें वाटून ती वाट अरुंद करते. म्हणून कारखानदारानें सांगितलें असेल त्याप्रमाणें मागच्या चाकांवर भार ठेवूनच तें काम करावें. कांहीं झडपांस स्वतःचा वेगळा निपलहि असतो. दुसरी गोष्ट, चाकें अडकूं न देणारें ‘ए. बी. एस.’ हें यंत्र ज्या गाडींत असतें, तिच्या त्या यंत्राच्या पोटांत हवा शिरली असेल तर ती नुसत्या पायानें निघेलच असें नाहीं. तेथें संगणकीय उपकरण जोडून झडपा उघडाव्या लागतात, व तें काम जाणत्या कारखान्याकडेच सोपवावें.

सर्व निपल आवळून, त्यांवर रबरी टोप्या घालून, सांडलेलें ऑइल पाण्यानें धुऊन टाकावें. त्यानें रंग उडतो व तें डोळ्यांस व कातडीस बाधतें. मग परीक्षा घ्यावी. इंजिन बंद असतां पेडल कांहीं वेळां दाबून नंतर अर्धा मिनिट जोरानें दाबून धरावें. तें घट्ट राहिलें तर उत्तम. उशीसारखें मऊ लागलें तर हवा उरली आहे. घट्ट लागून हळूहळू खालीं बसूं लागलें तर कोठें तरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडराचें रबर गेलें आहे. पुष्कळ खालीं जाऊन मग घट्ट झालें तर मागचे शू सैल असण्याचा संभव आहे. इंजिन सुरू करतांच पेडल थोडेंसें खालीं जातें, तें मात्र बूस्टरचें लक्षण आहे. त्याचें भय नको. शेवटीं रिकाम्या गल्लींत सावकाश चालवून चार वेळां ब्रेक लावून पाहावें, आणि नंतरच माल भरावा.

पावसाळ्याविषयीं दोन शब्द. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो प्रसंग पालकांस आठवत असेल. पण एरवींहि हिंदमाता परिसरांत चाकें बुडण्याइतकें पाणी सांचल्याचें परळकरांनीं कित्येकदां पाहिलें आहे. अशा पाण्यांतून गाडी बाहेर आली कीं ड्रम ओले झाल्यामुळें ब्रेक प्रथम नीट धरीत नाहींत. थोडें अंतर सावकाश चालून पेडल हलकेंच दाबीत ते वाळवावे. आणि गाडी पाण्यांत उभीच राहिली असेल, तर दोन वर्षांची मुदत विसरून ऑइल, रबर व चाकांचे सिलिंडर लगेच तपासून घ्यावे.

काढलेलें जुनें ऑइल गटारांत ओतूं नये. आपल्या भागांतील पावसाळी गटारांचा मार्ग शेवटीं समुद्राकडेच जातो, व तेथें वरळी-माहीमचे कोळी बांधव होड्या लावतात. तें ऑइल झांकणाच्या भांड्यांत भरून, त्यावर चिठ्ठी लावून, टाकाऊ ऑइल घेणाऱ्या कारखान्याकडे द्यावें. सरबताच्या बाटलींत तर कधींच ठेवूं नये. तें विषारी आहे, आणि घरांत लहान मुलें असतात.

एवढें वाचून एखाद्या विद्यार्थ्यानें लगेच पाना हातीं घ्यावा, अशी आमची इच्छा नाहीं. ब्रेकचें काम जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीवांचून कोणीहि प्रथमच करूं नये. परंतु आज घरीं गेल्यावर एक गोष्ट प्रत्येकास करतां येईल. घरीं गाडी असेल तर वडिलांस, काकांस किंवा दादास विचारावें कीं, ब्रेक ऑइल शेवटीं कधीं बदललें? ठाम उत्तर मिळालें तर ती तारीख व ऑइलाची प्रत कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. “आठवत नाहीं” असें उत्तर आलें, तर पुढची घाटाची खेप भरण्यापूर्वीं मिस्त्रीकडे जाण्याचा दिवस त्यांच्याकडून ठरवून घ्यावा, आणि त्या दिवशीं पेडलावर बसण्यास आपण स्वतः हजर राहावें.